धोट्याच्या रेषेत

सात रस्त्याजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात
पेशंटच्या खोलीला कमरेइतकं सागवानी अस्तर आहे.
होतं, म्हणायला हवं.
नळाला पाणी चार दिवसांआड, म्हणून भिंतीला टेकून पिंपं,
पिंपांखाली ओल, ओलीच्या मागून वाळवी.
अकरा पॅनेलं बोटानं दाबली, आत पापड.
कोठाडिया डॉक्टरांची सून म्हणाली, प्लायवूड नको,
नवं कुठलं ते कळता कामा नये.

शाबूत तुकड्याची कड मी
जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतली:
छोटी पायरी, मग फुगवटा, मग लांब उतार.
असा बिट बाजारात मिळत नाही,
दोन बिटांत भागवावं लागतं.

साखर पेठेत जिथं आमचे माग होते
तिथं आता माझं राउटर टेबल.
मागाच्या पायांचे खड्डे फरशीत अजून आहेत,
भुसा आपोआप त्यांत जाऊन बसतो.
शेजारी खुर्ची टाकून नान्ना.
उजवा डोळा बाद, कान मागांनी नेलेले,
तळवा टेबलाच्या पायाला लावून
तो मशीन ऐकतो.

ओढणी खुंटीला. हातमोजा नाही,
त्याचा एक सुटा दोरा बिटाला पुरतो.
प्लग काढून मगच बिट बदलायचा.
खोल एकदम घ्यायचं नाही, तीन फेऱ्या,
शेवटची कागदाएवढी.
आधी आडव्या रेषेची टोकं, तिथं कोपरा उडतो;
मग लांब बाजू, उडालेलं तीच पुसून टाकते.
उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याविरुद्ध.
त्याच्या दिशेनं दिलं तर तो लाकूड ओढून नेतो
आणि लाकडामागून हात.
फणीसारखे दात पाडलेली एक पट्टी मी आडवी आवळते,
ती लाकडाला पुढं जाऊ देते, मागं येऊ देत नाही.

हे सगळं आयटीआयमध्ये शिकले.
कुठं उभं राहायचं, ते नाही.
ते नान्ना खांदा धरून शिकवतो,
वीतभर बाजूला सरकवतो, बास.
धोट्याच्या रेषेत तो एकदाच वाकला होता,
शहाण्णव साली, विडी पेटवायला.

सातवं पॅनेल, दुसरी फेरी, लाइट गेली.
बिट हळूहळू खाली उतरत गेला, आवाजानं.
पंखाही थांबला. एप्रिल.
मी कपाळ पुसलं,
आणि बिटापाशी अडकलेली ढलपी काढायला
दोन बोटं पुढं केली.

चेय्यि तीय्!

एवढ्या मोठ्यानं घरातली तेलुगू मी कधी ऐकली नव्हती.
ती शांतता त्याच्या तळव्याला पोचली होती.
मागावर लाइट गेली की आधी मूठ पाडायची,
येताना ती कुणाला सांगून येत नाही.
मी वळले तोवर तो भिंतीशी ओणवा,
प्लग त्याच्या हातात.

पंखा फिरायला लागला.
टेबल गप्प.
आम्ही दोघं पंख्याकडे बघत राहिलो.
संध्याकाळचा चहा त्याने घेतला नाही.

बसवायच्या दिवशी तो बरोबर आला.
सुनेनं चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं,
म्हणाली, खरंच कळत नाही हो.
नान्ना बाकावर बसला, दारापासून तिसऱ्या जागी,
का तिथंच, ते मी विचारलं नाही.
अंगठा कडेवरून फिरवत गेला,
पायरी, फुगवटा, उतार, पायरी, फुगवटा,
आणि सातव्यावर थांबला.
बिट जिथं दमला होता तिथं नखाएवढी खूण,
पॉलिशपेपरनंही न गेलेली.
मला वाटलं, आता म्हणेल बदल.

बहिऱ्याच्या आवाजात, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं,
डोळ्यांत थेंब घालून मिटून बसलेले दचकतील असं,
तो म्हणाला,
पिंपं लांब ठेवा म्हणावं यांना.