पान २८८

जानेवारीचा शेवटचा रविवार. लश्करात धुकं असं,
की बारा वाजले तरी दुकानांच्या पाट्या वाचता येईनात.
चांदोरकरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत
आम्ही सहाजण, एक हीटर, मोरेन्याची गजक,
आणि मधोमध ती मिठागराची कादंबरी,
कुणाच्या तरी सुनेने पुण्याहून आणलेली एकुलती एक प्रत,
महिनाभर घरोघर फिरून
हिंग, व्हिक्स, नॅप्थलीन असे वास लावून घेतलेली.
ग्वाल्हेरला मराठी पुस्तक मिळत नाही, येतं.
पाहुण्यासारखं येतं,
सगळ्यांकडे जेवून जातं.

आधी किरकोळ वाचन.
निर्मलाताईंनी एक रहस्यकथा संपवली:
खुनी पान चाळीसलाच ओळखला,
तरी पुढची दोनशे वाचली, पैसे दिले होते म्हणून.
बोरगावकरांनी एक ऐतिहासिक अर्ध्यावर टाकली.
"दर दोन पानांनी घोडा खिंकाळतो हो."

मग मिठागर.
समुद्र आमच्यात फक्त दोघांनी पाहिलेला,
त्यातला एक विमानातून.
तन्मय महाडिक मराठी बोट ठेवून वाचतो.
'आगरात' हे त्याने पन्नास पानं 'आगऱ्यात' असं वाचलं.
"मला वाटलं, रोज पहाटे आगऱ्याला जातो
नि संध्याकाळी परत,
म्हणजे पॅसेंजरने अप-डाउन करत असणार."
खूप हसलो. त्याला गजकेचा मोठा तुकडा दिला.

मग विषय शेवटाकडे वळला.
इंदापूरकर म्हणाले, शेवट जरा घाईत उरकलाय.
निर्मलाताई म्हणाल्या, मी तर रडलेच.
डॉक्टरांना, लेखकाने प्रश्न खुला ठेवला, हे आवडलं.
बोरगावकर नुसते मान हलवत राहिले,
त्या मानेचा अर्थ दोन्हीकडे लागत होता.

मी एजी ऑफिसात बत्तीस वर्षं काढली.
पुस्तक हातात आलं की आधी पानं मोजते.
पान २८८, शेवटची ओळ:
*वेणूने कडी काढली, दार उघडलं आणि*
पुढे पुठ्ठा.
अख्खा फर्मा शिवणीतून गळालेला,
दोऱ्याचं एक टोक तेवढं ताठ उभं.

सगळे माझ्याकडे बघत होते.
मी म्हटलं, "मला शेवट पटला."
बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच
न पाहिलेल्या कागदावर सही केली.

तेव्हा तन्मय म्हणाला,
"पण काकू, पुस्तक 'आणि'वर संपतं ना?
मी समजलो, मराठीत असंच असतं."

हीटरची जाळी कडकडली.
डॉक्टरांनी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला.
निर्मलाताई म्हणाल्या, "मी रडले ते खरंच रडले हं,
२७१ वर, वासरू जातं तिथे."
आणि इंदापूरकर, अजिबात न डगमगता,
"म्हणून तर म्हटलं, घाईत उरकलाय!"

नंतर हसू कमी, चहा जास्त झाला.
पुढच्या महिन्याची पुस्तकं वाटली गेली.
या वेळी प्रत्येकाने, दुसऱ्याचं लक्ष नाही असं बघून,
शेवटचं पान उघडून पाहिलं.

बाड्यावर टेंपोची वाट बघत उभी होते.
धुक्यातून आधी मफलर आला, मग इंदापूरकर.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "बाहेर नवराच होता.
आणि तिने दार परत लावलं. कडीसकट.
मी रोज रात्री तसंच लावतो."
मी विचारलं, "म्हणजे?"
"म्हणजे तिच्याजागी मी असतो तर."

मला ते मुळीच पटलं नाही.
तिने एवढी कडी काढली ती परत लावायला?
दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं ती वाट बघतेय हो,
त्याची नसेल, कुणाची तरी,
आणि भाऊ तो मेला असं कुठे लिहिलंय, दाखवा.
ते म्हणाले, पान १४०.
मी म्हटलं, तिथे फक्त होडी परत येते.

कंपूचा टेंपो आला, गेला.
दुसरा आला. त्यात जागा होती.
पोरगा ओरडला, "बैठना है क्या, अम्माजी?"
"थांब रे," मी म्हटलं,
"होडी रिकामी होती असंही लिहिलेलं नाही, इंदापूरकर."