आढळले नाही

कुपवाडच्या एमआयडीसीत, शीतगृहाच्या मागच्या भिंतीला लागून
आमची खोली. उन्हाळाभर बेदाण्याचा आंबूस वास.

मोठा रेणू दोन्ही काठांनी धरता येतो, पातेल्यासारखा.
ऑक्राटॉक्सिन एवढुसं,
एक अँटिबॉडी बसली की जागा संपली.
दुसरा हात लावायचा कुठे?

म्हणून झुंज लावायची.
प्लेटच्या तळाला आधीच चिकटवलेला त्याचा जुळा,
वरून बेदाण्याचा अर्क,
आणि मोजक्या अँटिबॉडी, ज्याच्या वाट्याला जातील त्याच्या.
विष जितकं जास्त, रंग तितका फिका.
सावळजचे भूपाल चौगुले फोनवर दर वेळी विचारतात,
"मॅडम, पिवळं नाही ना आलं?"
दर वेळी सांगते, काका, पिवळंच येऊ दे म्हणा.

अब्जात पाच. त्याखाली आम्हाला दिसेना.
बाहेरच्या गिऱ्हाइकाला दोन हवं.
मी अँटिबॉडी वाढवली, तळ दाट केला,
शहाण्णव खळगे हळदीसारखे झगझगले
आणि काहीच कळेना.

रुबीना शिकलगार मिरजेची. घरात सतारी.
तिनं निम्मं केलं. मग निम्म्याचं निम्मं.
जुळ्याची शेपटी बदलली,
अँटिबॉडीला तो थोडा परका वाटावा म्हणून.
प्लेट रात्रभर फ्रिजमध्ये, घाई नाही.
मी भांडले : एवढ्या पुचाट रंगात दिसणार काय?
ती पिपेटचं टोक बदलत म्हणाली,
"गावजेवणात एक पान उठलं तर कळतं का?
चौघांच्या पंगतीत कळतं."
आजा जवारी घासायचा तेव्हा
कानस दोनदा फिरवायचा आणि दहादा ऐकायचा, म्हणे.

तीन आठवडे वाया गेले. एकदा तर लाइट गेली,
जनरेटरवाला जेवायला.
मग एका मंगळवारी आलेख खाली उतरला,
पाच, दोन, एक,
अर्ध्यापाशीही रेघ थरथरत का होईना, उभी.
रुबीनानं चहा सांगितला. मी साखर जास्त सांगितली.

दुपारी चौगुल्यांचा नमुना लावला.
तिसऱ्या ओळीत तिन्ही खळगे फिके.
पुन्हा लावला. फिके.
साडेतीन.

फोनवर ते बराच वेळ गप्प.
मागे चाळणीचा खडखडाट, कुणीतरी क्रेट मोजत होतं.
"मागच्या साली तर पास झाला होता की हो.
तीच बाग, तोच शेड."

हो काका, म्हटलं.

कपाटातली मागच्या सालची फाइल जाड आहे.
पानापानावर निळ्या शाईत "आढळले नाही".
अक्षर माझंच.