डायनामो

दिवाळी सरली आणि पहाटेची एस.टी. बंद झाली.
फळ्यावर खडूनं लिहिलेलं : प्रवासी कमी.
प्रवासी मी एकटीच होते, हे खरंय.

दूध डेअरीत साडेपाचला हजर व्हायचं,
फॅट काढायचं, डिग्री पाहायची,
आणि कोणी बघत नसताना
कॅन धुवायच्या गरम बादलीत
दोन्ही हात बुडवून घ्यायचे.

भिशीचे दोन हजार आठशे होते,
कळण्याच्या पिठाच्या डब्यात, तळाशी.

फैजपूरला काचेआड एक सायकल उभी होती.
एकवीस गिअर. टायर हेल्याच्या मानेएवढे.
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव;
वरचा एक रुपया कोणावर उपकार म्हणून सोडतात
ते विचारायचं राहिलं.
मी नुसता गिअर फिरवला. टिक्. टिक्.
छान वाटलं, खोटं कशाला बोलू.
मडगार्ड? वेगळे पडतील, मॅडम.
दिवा? वेगळा.
स्टँड? तोही.
कॅरिअर म्हटल्यावर पोरगा हसलाच.

मग मुराद तडवीकडे गेले,
टायरांच्या ढिगामागे, जिथं तो सापडतो.
त्यानं भाव नाही सांगितला. आधी विचारलं,
"येशी कुठून?"
बामणोदहून.
"रस्त्यात काय काय हाये?"
सांगितलं :
डांबर थोडं, मग नुसती खडी,
मग पाटाकडची वाट, दोन्ही अंगांनी केळी,
रात्री पाणी सोडलेलं असलं की
धुकं गुडघ्याइतकं खाली बसतं.
दोन कुत्री. एक ओळखीचं.
"साडी का डरेस?"
दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर ऐकून गेला असता.
पण हा साखळीकडे बघत होता.

तीन काढल्या त्यानं.
गुलाबी, पुढं टोपलीची : गुडघे हँडलला लागले.
दुसरी हलकी, पोपटासारखी. तिचा ब्रेक
नखानं टोकरून म्हणाला, "हे रबर थंडीत दगड होतं.
दवात थांबशील तू, पन तुह्या मर्जीनं नाही."
तिसरी काळी. कोण्या रिटायर ग्रामसेविकेची.
साखळीवर पुरा पत्रा, मडगार्डला रबरी पडदा,
मागच्या चाकाला डायनामोची बाटली.
जड आहे, मी म्हटलं.
"मंग? तुले उडायचं हाये का पोचायचं?"

तीन हजार दोनशे म्हणाला.
मी सीटची फाटकी शिवण बघत राहिले.
तीन हजार.
मी शिवणच बघत राहिले.
शेवटी नवे ब्रेक-रबर घालून
डब्यातले सगळे त्यानं मोजून घेतले.
पंप मागितला तर म्हणाला, "हवा कवाही भर. फुकट हाये."

पहिली पहाट.
लोखंड असं गार की मुंगळा डसावा.
हातांत मुलाचे जुने पायमोजे, एकाला भोक,
त्यातून अंगठा बाहेर, एकटा, निळा.
डायनामो चाकाला टेकवला
आणि कोणी मागून पदर धरल्यासारखं झालं.
या उजेडाचं बिल पिंडऱ्या भरतात.
जोरात मारलं तर पिवळा,
दमलं तर तांबूस,
थांबलं की काहीच नाही.

केळीचे घड निळ्या पिशव्या घालून उभे.
थंडी बाधते म्हणून बांधावर
कोणी काडीकचरा पेटवून ठेवलेला, धुमसत.
मी उतरले. दिवा गेला.
केळीच्या वाट्याची ऊब
दोन मिनिटं मोजेसकट घेतली.
धुरातून आवाज आला, "कोन वं?"
डेअरीवाली, म्हटलं.
"मले वाटलं फटफटी बंद पडली."

दुसऱ्या दिवशी बांधावर पडलेली
एक फाटकी निळी पिशवी उचलून
सीटवर ओढली. दव तिच्यावर, मी कोरडी.

पहिला कॅन आला तेव्हा
बादलीची आठवणच झाली नाही.
पाठीवर घाम होता, डिसेंबरात.

होळीनंतर एस.टी. पुन्हा सोडू म्हणतात.
सोडा.