ञ असलेलं आडनाव

आचाओच्या शाळेत, शुक्रवारी, मुलं गेल्यावर
एदेल्मीरा चिग्वाय शेगडीत एक लाकूड सारते
आणि भरती-ओहोटीचं गणित उलगडून बसते.
गणित म्हणजे बावन्न फाइली,
दूर फेरो बेटांवरच्या कुणीतरी लिहिलेल्या.
तो माणूस सहा वर्षं पत्रांना उत्तर देत नाही.
आयता प्रोग्राम कुठे मिळत नाही याचा.
धान्य मिळतं फुकट. दळायचं ज्याचं त्याने.

आधी लिनक्स. शाळेचं यंत्र, झाकण केव्हाच हरवलेलं,
सोयरीक जमवणाऱ्या आत्यासारखं विचारत जातं:
कंपायलर आहे? आहे.
हिंडता-फिरता आहे? आहे.
गणिताची लायब्ररी? आहे.
आलेख काढणारी? नाही.
नाही तर नाही, त्यावाचून काय अडलंय,
असं म्हणून पुढे सरकतं.
किटली उकळायच्या आत होऊनही जातं.

मॅक, सामन माशांच्या डॉक्टरीणबाई इंगेबोर्ग यांचा.
त्याला हेडर सापडत नाही.
आहे घरातच. पण दर वर्षी कपाट हलतं
आणि कुठे हलवलं ते कुणी सांगत नाही.
एदेल्मीरा हाताने वाट लिहून देते, स्लॅशमागून स्लॅश.
सत्तेचाळीस इशारे येतात. ती सगळे वाचते,
त्यातल्या एकापाशी थांबून हसते:
या ओळीपर्यंत कधीच कुणी पोचणार नाही.

राहिलं विंडोज.
ते बाल्दोमेरो पेञाइलिल्योचं,
होडीतून आणलेलं, दोन पिशव्यांत गुंडाळून.
त्याला एवढंच हवंय: बुधवारी, अमावास्येला,
पाणी किती उतरेल.
मासे अडवायच्या दगडी बांधाची तळातली रांग
उघडी पडेल का. तिथले चार दगड ढळलेत.

एक्कावन्न फाइली बिनतक्रार.
बावन्नावीला सगळं कोसळतं.
सापडलं नाही, यंत्र म्हणतं,
पे?इलिल्यो नावाचं फोल्डर सापडलं नाही.

ञ.
आपण त्याला झच्या मागे रांगेत उभा केला,
एकदा पाटीवर गिरवला, मग सहसा भेटलो नाही.
इथे तो माणसांच्या नावांत राहतो.
वर्ष म्हणायचं तर तो लागतो,
उद्या म्हणायचं तरी.

"साधा न घाला की," बाल्दोमेरो म्हणतो,
"परवान्यावर तसंच आहे. दवाखान्यातही.
बायको गेली तेव्हा तिच्या दाखल्यावरही तसंच आलं.
मला सवय आहे."

फोल्डरचं नाव बदलायला अर्धं मिनिट लागतं.
एदेल्मीराला ते ठाऊक आहे.
ती बावन्नावी फाइल उघडते.
आत, दोन तिरप्या रेघांमागे, त्या फेरोच्या माणसाची टीप:
इथे एका अक्षराला एकच बाइट धरलाय.
माझ्या गावाचं नावही यात बसत नाही. पुढे बघू.

पुढे बघू लिहिल्याला एकोणीस वर्षं झाली.

पहिल्यांदा चुकतं. दुसऱ्यांदा जास्तच चुकतं,
समुद्र चाळीस मीटर चढलेला दाखवतं.
शेवटची होडी जाते. बाल्दोमेरो शेगडीपाशी झोपतो,
त्याच्या मोज्यांतून वाफ निघते.
तिसऱ्यांदा ती अकरा ओळी पुसून सात लिहिते
आणि पाठ फिरवून भांडी विसळते,
बघत बसलं की होत नाही, असा तिचा अनुभव.

होतं.

बुधवार. सकाळी सात वाजून आठ मिनिटं.
वर, त्याचं आडनाव, पूर्ण.
सात ओळी ती फेरोला धाडते,
पोचतील की नाही याचा विचार न करता,
मग लिनक्सवर पुन्हा बांधते, मॅकवर पुन्हा,
कारण एकीकडचं टाचण दुसरीकडे उसवतं.

बाल्दोमेरो उठतो. नावाकडे बघतो की नाही, कळत नाही.
आकड्यांवरून बोट फिरवतो.
"तळातली रांग उघडी पडेल. वीस मिनिटं."
पिशवीत पिशवी, त्यात यंत्र, वर गाठ.
"चार दगड होतील.
पाचवा निघाला तर
तो पौर्णिमेला."