हेक्टरी चार किलो

विक्रोळीच्या काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर,
मी पिकं ऐकते.
पाहिलेली नाहीत. ज्वारी माझ्यासाठी
यादीतला सतरावा पर्याय, बाजरीच्या खाली,
आणि नुकसानीची कारणं पुढच्या चौकटीत:
गारपीट, पूर, वीज, कीड, अवकाळी.
‘इतर’ नाही. ‘इतर’ मागच्या वर्षी काढून टाकलं,
सगळे तेच सांगायचे.

केराबाई लवटे, मंगळवेढ्याकडच्या,
बहात्तरांपैकी एकसष्टाव्या तासाला लागल्या.
आधी मलाच विचारलं,
“जेवलीस का गं? आवाज उपाशी येतोय.”
मग सांगितलं: मालदांडी, तीन एकर,
काढून पसरलेली, आणि रात्रीत पाऊस.
“दाणा काळा पडलाय. किती काळा म्हणून लिवशील?”
मी म्हटलं, रंगाला रकाना नाही.
“मग वासाला?”

चौदा आकडी क्रमांक दिला.
त्यांनी तो कशावर उतरवला माहीत नाही,
खडूचा आवाज आला. बहुतेक दारावर.

निकाल जूनमध्ये लागला.
मंडळातल्या ठरलेल्या शेतांत, दहा बाय पाच मीटरच्या चौकोनात,
कुणी दोरी धरली, कापलं, झोडलं, तोललं.
उंबरठा उत्पन्न: हेक्टरी आठशे बारा किलो.
प्रत्यक्ष: आठशे सोळा.
भरपाई: शून्य.

उंबरठा हा शब्द मी दिवसातून शंभरदा उच्चारते.
आमच्या घराला तो नव्हता.
मानखुर्दच्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगीत
बिल्डरने लादी सरळ जिन्यापर्यंत नेलेली.
आई म्हणाली, अशानं लक्ष्मी थांबायची कुठं,
आणि साडेतीनशे रुपयांना संगमरवराची पट्टी आणून
सिमेंटने डकवली.
उंची म्हणाल तर नखाएवढी.
तरी पाहुणे अडखळतात.

केराबाईंचा परत फोन.
“त्यो तुमचा प्रयोग पावसाच्या आधी झाला, ठावं हाय का?”
मला ठाऊक नव्हतं. पडद्यावर तारीख असते, पाऊस नसतो.
“बरं. किती किलोनं हुकलं?”
चार, मी म्हटलं. हेक्टरी.
पलीकडे बोटांवर हिशेब चालला,
मधेच एक कोंबडी ओरडली.
“मंजी माज्या रानात चार किलो आठशे गिराम
जादा पिकलं म्हना की.”
आणि फोन ठेवला. समाधान झालं का,
एक ते पाच आकड्यांत सांगा,
हे विचारायचं राहून गेलं.

ऑगस्टात पार्सल आलं.
खताच्या गोणीचा तुकडा, सुतळीने शिवलेला,
वर माझं नाव: जुईबाई, विमा, मुंबई.
आत काळी ज्वारी,
आणि वहीच्या पानावर नातवाच्या अक्षरात:
‘जादा झालेले पीक परत पाठवत आहे. पोच द्यावी.’
टपालखोलीतल्या काट्यावर ठेवलं.
चार किलो आठशे. गोणीचं वजन वेगळं धरलेलं.

मस्करेन्हस सरांनी एक दाणा ट्यूबलाइटखाली धरला,
हुंगला, शिंकले,
“हे कुठल्या फाइलला लावू?” म्हणाले
आणि चहाला गेले. खण उघडाच होता.
पोच मी दिली. शिक्क्यासकट.
‘मिळाले. वजन बरोबर.’
कंपनीच्या कागदावर आजवर
एवढं खरं मी काही लिहिलेलं नाही.

ज्वारी घरी आणली. चक्कीवाला नाही म्हणाला,
दगडाला वास लागेल.
कबुतरांना घालायला आईचा जीव होईना,
आपल्याला नको ते त्यांना कशाला.
टाकून द्यायलाही होईना.

मग ती दारापाशीच राहिली, पट्टीला टेकून.
खाडीवरचा वारा अकराव्या मजल्यावर फार.
आमचं दार दिवसभर आपटायचं,
शेजारची पातोळेकाकू रोज भांडायची.
आता आपटत नाही.
सकाळी शिफ्टला निघताना
गोणीवरून पाय टाकून जाते.
थोडा उंच उचलावा लागतो.