गावातली तिसरी बाई

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव शेवटून दुसरं:
गावातली तिसरी बाई – ग्लेन्डा स्टॅमर्स.
माझ्याखाली फक्त मेंढी,
आणि मेंढीच्या आत शाळेतली दोन मुलं आहेत.

दिवसभर पट्ट्यावरून हॅडॉक सरकत असतो.
मी काटे वेचते, कानांत बोळे घालून.
मोटरीची घरघर हाडांतून वर येते,
तिच्यावरच मी माझा षड्ज लावते.
ग्रिम्सबीत सगळ्यांच्या अंगाला समुद्र लागलेला,
त्याचं कुणाला काही नाही.
पण लिंबाने तीनदा हात धुतले तरी
नाचात प्रायर माझी बोटं टोकाशीच धरतो.
दंतवैद्य आहे तो. सवय असायला हवी.

मंगळवारी आणि गुरुवारी तालीम,
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये.
बुधवारी तिथे वजन कमी करणारे जमतात,
त्यांचा वजनकाटा कोपऱ्यातच राहतो.
म्हणजे इथेही काटाच.
आम्ही त्याच्यावर कोट टाकतो
आणि कोटांचं वजन दिसत राहतं, सतरा किलो, एकोणीस किलो,
थंडी वाढत जाते तसं.

यंदा मला एक वाक्य मिळालं.
एकोणीस वर्षांत पहिलं.
दुसऱ्या अंकात, वादळाच्या रात्री:
"दार धरा कुणीतरी, वारा आत येतोय!"

मी ते न्हाणीघरात म्हटलं,
शीतगृहात म्हटलं, तिथे त्याची वाफ झाली.
"कुणीतरी"वर जोर देऊन पाहिला, मग "वारा"वर.
घरी म्हटलं की क्लाइव्ह सुरुवातीला
खरंच उठून दार धरायचा,
नंतर नंतर पेपरातून मान न काढता
नुसता पाय लांब करायचा.

मग एका गुरुवारी रोझमंड ट्यूकबाई,
आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या,
पेन्सिल कानामागून काढत म्हणाल्या,
प्रयोग अकरा मिनिटं लांबतोय.
आणि ग्लेन्डा, वारा तर कळतोच की लोकांना,
यंत्र आहे ना आता.

यंत्र क्लाइव्हनेच केलं होतं.
जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम, त्यावर ताडपत्री, एक हँडल.
आठवडाभर तो गॅरेजमध्ये वारा घोटत बसला होता
आणि मीच त्याला म्हणाले होते,
अजून थोडा खरा वाटू दे.

पाच प्रयोग झाले.
बुधवारी एक्केचाळीस माणसं,
त्यातली नऊ बिंगो आहे समजून आलेली,
पण बसली शेवटपर्यंत.
दुसऱ्या अंकात मी माझ्या जागी, शाल घट्ट धरून.
क्लाइव्ह विंगेत हँडल फिरवतोय.
पियानोवर नॉरिस, वय एक्क्याऐंशी,
त्याला वाक्य कापलं हे कुणी सांगितलंच नसावं,
किंवा सांगितलं असेल.
तो रोज त्या जागी हात उचलायचा,
दोन मात्रा मोकळ्या सोडायचा
आणि मग पुढे जायचा.
मी त्या दोन मात्रांत नुसती उभी.
बाहेरून बघणाऱ्याला
मी थंडीने गारठलेली वाटले असेन.
मावशी म्हणाली, चेहऱ्यावर काय भाव होते गं.

शनिवारी रात्री साडेअकराला नेपथ्य उतरवलं.
टेम्पो मागे लागलेला, सगळे अर्धवट रंग पुसलेले,
मेंढी एका खुर्चीवर रिकामी पडलेली.
रंगवलेलं दार शेवटी निघालं.
पुढे प्रायर, मागे मी,
खोटं दार खऱ्या दारातून आडवं नेत होतो,
आणि उत्तर समुद्र एकदम आत घुसला,
काटावरचे कोट उडाले,
खरं दार भिंतीवर आपटून परत आमच्यावर यायला निघालं

आणि मी ओरडले.

चार जण धावले.
ट्यूकबाईंनी तर अख्खी पाठ लावली दाराला.
कुणी हसलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही,
फक्त क्लाइव्ह टेम्पोत दोरी बांधताना
क्षणभर थांबला, बहुतेक गाठ सुटली असेल.

आवाज जरा वरच्या पट्टीत गेला माझा.
जोर "दार"वर आला,
तालमीत कधीच असा आला नव्हता.
सोमवारी सहाची पाळी आहे.