दोन खाचांमधलं अंतर

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे.
तीन गाड्या भंगारात गेल्या, वही पुढच्या गाडीत जाऊन बसली.
डाव्या पानावर वाटेचं नाव, घरापासूनची मिनिटं,
उजव्या पानावर त्या दिवशी बर्फ कसा वागला ते.
अक्षर लेम्पीचं. मतं दोघींची,
आणि जिथे पटलं नाही तिथे
खोडून पुन्हा लिहिलेलं, कागद विरेपर्यंत.

टॅमरॅक रिजला बावन्न मिनिटं लागतात,
सुपीरियरवरून वारा सुटला तर सव्वा तास.
पण तिथलं यंत्र पहाटे चारला फिरतं,
आणि उजाडताना गाडीतून उतरलं की समोर
कॉर्डुरॉयचं अख्खं ठाण उलगडून ठेवलेलं,
घडीसुद्धा न मोडलेलं. त्यावर पहिली रेघ आपली.
लेम्पी म्हणायची, एवढ्यासाठी रविवारचं चर्च बुडलं तरी चालेल.
बुडवायचीही. सख्खा भाऊ पाद्री असून.

हाऊटालाचं रान जवळ, अठरा मिनिटं.
वाट फुकट, दारातल्या डब्यात वाटेल ते टाका.
म्हातारा वेनो गवताच्या ट्रॅक्टरला
पलंगाची लोखंडी चौकट बांधून बर्फ विंचरतो,
म्हणून खाचाही त्याच्यासारख्याच, एक पाय ओढत जाणाऱ्या.
तिथल्या ओढ्याच्या उतारावर मी एकदा
थेट स्प्रूसच्या झाडात घुसले.
वहीत नोंद आहे: हेल्मीचं नाक. वाटेचा दोष नाही.

तांब्याच्या बंद खाणीभोवतीची रात्रीही उघडी, खांबांवर दिवे,
पण शर्यतीवाली पोरं मागून येतात
"ट्रॅक!" असं ओरडत,
आणि आपण खाच सोडून गुडघाभर भुसभुशीत बर्फात उभ्या,
जशी काही चूक आपलीच.
तिथल्याच वाहनतळावर
हिरवं मेण लावावं की निळं, यावरून आमचं असं वाजलं
की परतीचे चाळीस मैल
फक्त हीटर बोलला.

सगळ्यांत शेवटी, मागच्या पुठ्ठ्याच्या आत:
शाळेमागचं मैदान. चार मिनिटं. सपाट.
पोरांसाठी. उगाच जाऊ नये.

नोव्हेंबरात तिचा खुबा बदलला.
डॉक्टर म्हणाले मार्च, तिनं फेब्रुवारी ऐकलं.
मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही वही नव्यानं वाचली:
कुठे उतार नाही,
कुठे पहिल्या पाव मैलात बाक आहे,
गाडी कुठे अगदी वाटेच्या तोंडापर्यंत जाते,
कुठे ओळखीचं कुणी भेटणार नाही.
वीस हिवाळ्यांचे गुण एका दुपारीत उलटेपालटे.
टॅमरॅकसमोरच्या पाच चांदण्यांवरून तिनं बोट फिरवलं
आणि पान उलटलं.

काल गेलो.
शाळेमागे, पोरं वर्गात असताना.
यंत्र चालवतो तो तिथला शिपाईच, आर्लो कॉस्की,
त्यानं खाचांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी पाडल्यात,
एक मास्तरणीची, एक पोराची,
हात धरता येईल इतक्या जवळ.

एवढी वर्षं मी लेम्पीची पाठच पाहिली होती.
पुढे तिची निळी टोपी, मागे मी,
बोलणं अर्धं वाऱ्यात सांडायचं
आणि उरलेल्याला मी "हो" म्हणायची.
काल ती शेजारी होती.
कण्हत होती, आजीच्या फिनिशमध्ये खुब्याला शिव्या घालत होती,
आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.
टोपीखालचे केस कधी पांढरे झाले
तेही कालच कळलं.
मैदानाला अडीच फेऱ्या. मग म्हणाली, पुरे.

गाडीत बसल्यावर तिनं वही मागितली.
वाटलं, "उगाच जाऊ नये" खोडेल.
खोडलं नाही.
त्याच्याखाली लिहिलं: शून्याखाली सहा. निळं मेण, बरोबर.
आणि पेन्सिल दातांत धरून जरा थांबून:
हेल्मी फार बोलते.